सांबाराबरोबर दिलेली पुडी

शिरपूरच्या बसस्टँडाशेजारी पंचफुलाबाईच्या पोत्यावरून भाजी घेतली आणि पिशवीत वरून काही पडलं नाही, असं आजवर एकाही गिऱ्हाइकाचं झालेलं नाही. पावभर वांगी घ्या, वर दोन मिरच्या. मेथीची जुडी घ्या, वर सांबाराच्या चार काड्या. देवळाला आलेल्या बाहेरगावच्या बायका "सांबार म्हणजे काय?" असं विचारतात, तेव्हा ती हिरवीगार कोथिंबीर त्यांच्या नाकाशी नेते आणि म्हणते, "घ्या वास. आता सांगा, याले दुसरं नाव शोभते का?"

ही खोड आजची नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि शेजारच्या जऊळक्यावरून छोटी लाइन, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, जायची. सासूबरोबर डोक्यावर टोपली घेऊन ती स्टेशनावर वांगी विकायला जाई. एकदा खिडकीतल्या एका म्हाताऱ्याने वांगी घेतली, पैसे दिले आणि गाडी सुटली. सांबार द्यायचा राहिला! पंचफुलाबाईने टोपली सासूच्या अंगावर टाकली, पदर खोवला आणि अनवाणी पायांनी फलाटावरून अशी पळाली की गार्डाला वाटलं, हिचं लेकरूच गाडीत राहिलं. त्याने लाल झेंडी दाखवली. गाडी थांबली. हिने काड्या म्हाताऱ्याच्या हातात दिल्या आणि गाडीकडे बघून म्हणाली, "जाय आता." सासू मरेपर्यंत ही गोष्ट सांगायची, आणि दर सांगण्यात गाडी आधीपेक्षा जास्त वेळ थांबायची.

तर असे पाय. त्यातला उजवा गेल्या उन्हाळ्यात रुसला. कंबरेतून कळ निघायची, मांडीच्या मागून उतरायची आणि पोटरीत जाऊन विजेच्या तारेला हात लागावा तशी झटका द्यायची. उभं राहिलं तर थोडी, चाललं तर बरी, पण खाली उकिडवं बसलं की असा झटका की डोळ्यांपुढे काजवे. आणि पंचफुलाबाईचं सगळं काम उकिडवं बसायचं. घरामागे विहिरीला लागून अर्ध्या एकराची भाजीची वाडी आहे. तिथे वाफे करायचे बसून, निंदायचं बसून, मेथी उपटायची बसून, जुड्या बांधायच्या बसून. नवरा रामधन मोटर चालू करतो, पाणी फिरवतो आणि बोलायचं काम बायकोवर सोपवून मोकळा होतो. मुलगा गणेश वरची कोरडवाहू शेती पाहतो. वाडी मात्र चाळीस वर्षांपासून एकट्या पंचफुलाबाईची.

श्रावण संपत आला होता. एका सकाळी गणेश विहिरीवर आला, तर माय मेथीच्या वाफ्यात पोत्याच्या तुकड्यावर बसलेली. एक पाय लांब सोडलेला, दोन्ही हात मातीत रोवून ती बसल्या बसल्या पुढे सरकत होती.

"माय, हे काय करून राह्यली?"

"मेथी काढून राह्यली. दिसत नाई?"

"लेकरावानी सरकून राह्यली तू!"

"मंग? मेथी काई उठून माह्या जवळ येनार हाय?"

गणेशला हसू आलं नाही. त्याने मायच्या हातातली जुडी घेतली, बांधावर ठेवली आणि म्हणाला, "माह्याच्यानं हे पाह्यल्या जात नाई. दिवाळीपावतर तू नीट खाली बसून दाखव, वाडी तुही. नाई बसता आलं, तं मी ट्रॅक्टर घालतो अन् हरभरा पेरतो. हरभऱ्याले रोज बसा लागत नाई."

"अन् मी शिरपूरले काय विकू? तुहं डोस्कं?"

"घरी बस. आराम कर."

पंचफुलाबाईला आयुष्यात कोणी एवढं घालूनपाडून बोललं नव्हतं. आराम कर! वाडी गेली म्हणजे शिरपूरचं पोतं गेलं, पोतं गेलं म्हणजे बसस्टँड गेला, ओळखीचे कंडक्टर गेले, देवळाच्या बायका गेल्या, शेजारी बसून दिवसभर टोमणे मारणारा कांदेवाला मदनसिंग गेला. उरलं काय, तर ओसरी आणि रामधन. रामधन चांगला माणूस. पण त्याच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत बोलणं. आपलाच आवाज परत यायचा.

उपाय तिने केले नव्हते असं नाही. चार महिने गोळ्या झाल्या, पट्टा झाला, तालुक्याला जाऊन व्यायाम शिकून आली. दोन वर्षांपूर्वी गुडघे धरले होते तेव्हा आठवडी बाजारातल्या एका पुडीवाल्याचं चूर्ण सुरू केलं होतं. कागदाच्या पुडीत करड्या रंगाची भुकटी, रात्री दुधातून. आठ दिवसांत गुडघे गप्प झाले! पुडीवाला म्हणाला होता, "झाडपाल्याचं हाय माय, काई होत नाई." तेव्हापासून पुडी चालू होती. तिने अंगही चांगलं धरलं. गाल वर आले, चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला. बायका म्हणायच्या, "पंचफुलाबाई, सुनेच्या हातचं मानवलं वो तुमाले!" पायाची कळ सुरू झाल्यावर तिने एकाच्या दोन पुड्या केल्या, पण ही कळ काही ऐकेना.

आणि पंचफुलाबाईला एखादी गोष्ट मानवली की ती एकटी कशी खाणार? कोणी गिऱ्हाईक कंबर धरून उभं दिसलं की सांबाराबरोबर वरून एक पुडीही जायची. मदनसिंगचे गुडघे तर तिच्याच पुडीवर चालत होते.

सून साधना अंगणवाडीत सेविका. तिने आतापर्यंतच्या तपासण्यांची फाईल घेतली, सासूला घेतलं आणि दोघी एस.टी.ने वाशिमला गेल्या. तिथे नसांच्या दुखण्यावर इलाज करणाऱ्या डॉ. सुकेशनी बसत. मंगरूळपीरकडच्या एका खेड्यातल्या, चाळिशीच्या आतल्या. पंचफुलाबाईला आडवं करून तिचा पाय सरळ वर उचलून त्यांनी पाहिला, अंगठा दाबून ताकद पाहिली, एमआरआयची फिल्म उजेडावर धरली.

"मावशी, दोन मणक्यांच्या मधात गादी राह्यते. तुमची गादी थोडी बाहेर आली. तिनं नस दाबली, नस सुजली. पायात दुखते, पण रोग पायात नाई, कंबरेत आहे. पायातली ताकद शाबूत आहे, म्हणून ऑपरेशनची घाई नाई. आपण सूज उतरवाचं औषध, स्टेरॉईड, त्या नसेच्या बाजूला सुईनं सोडू शकतो."

"द्या मंग. आता द्या. पाचच्या गाडीनं मी वापस जातो."

"आधी काय बिघडू शकते ते ऐका."

"काहून? बिघडवनार हा का तुमी?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण सांगायचं ते सांगितलंच. सुईच्या जागी क्वचित जंतू शिरू शकतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आत रक्त साचून नस दबू शकते. सुई जरा पुढे गेली तर दोन-चार दिवस बसलं की डोकं दुखतं. नसेला इजा होणं फार विरळ, पण होतच नाही असं नाही. म्हणून अंदाजाने टोचायचं नाही, एक्स-रेच्या चालत्या चित्रात बघत सुई न्यायची. साखर काही दिवस वाढणार. आणि एवढं करूनही सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आला तरी गादी जागेवर जात नाही. सूज उतरते, दुखणं कमी होतं आणि तेवढ्या वेळात व्यायामाने कंबर तयार करून घ्यायची असते.

"अन् वरच्यावर घेता येत नाई," त्या म्हणाल्या. "वर्षात तीन-चारच्या वर नाईच. हे औषध अंगात जास्त झालं तर हाडं पोकळ करते. आता सांगा, कोनकोनती औषधं चालू हायेत?"

"साखरेची गोळी. बस."

"रक्त पातळ करायची?"

"नाई."

"दुसरं काही?"

"काईच नाई," पंचफुलाबाई छातीवर हात ठेवून म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. चूर्ण म्हणजे चूर्ण, औषध म्हणजे औषध. दुधातून घेतात ते काय औषध असतं?

साखर मोजली तर अडीचशेच्या वर. आधी ती खाली आणा, मग दहा दिवसांनी या, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मदनसिंगने कांद्याच्या ढिगामागून विचारलं, "मग, टोचून आली का?"

"साखर उतरली की टोचनार हायेत."

"पाठीत? वेडी झाली का बाई? माह्या साळ्याच्या गावात एकानं पाठीत सुई घेतली. गेले पाय."

"कोनाचे?"

"त्याचे."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाई मालूम."

"गाव?"

"साळ्याचं गाव."

"साळ्याच्या गावचं नाव नाई तुले मालूम?"

"चाळीस वर्षं झाले, मी जातच नाई तिथं," मदनसिंग म्हणाला. "साळा लय बोलते."

पंचफुलाबाईने त्याच्याकडे एक सांबाराची काडी फेकली आणि भीतीचा विषय तिथे संपवला. अगदीच संपला नाही. आत कुठेतरी एक खडा राहिला. पण ज्या गोष्टीला नाव नाही, गाव नाही, तिला भ्यायचं किती?

दहा दिवस भात बंद, गोड बंद. साखर हट्टाने का होईना, उतरली. ठरल्या दिवशी दोघी पुन्हा वाशिमला. साधनाने संमतीचा कागद शब्द अन् शब्द वाचून दाखवला, पंचफुलाबाईने सही केली, दवाखान्याचा हिरवा झगा घातला. पायापाशी पिशवी होतीच. भाजीवाली रिकाम्या हाताने कुठे जाते?

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. डॉ. सुकेशनी बाहेर आल्या. अंगात एक्स-रे अडवणारा शिशाचा जड एप्रन, सकाळपासून चार पेशंट झालेले. त्या भिंतीला टेकल्या आणि दोन्ही हातांनी आपलीच कंबर दाबली.

भाजीवालीच्या नजरेतून हे सुटतं होय! पंचफुलाबाईने पिशवी उघडली.

"डाक्टरीनबाई, हे घ्या. मेथी. आजच्या पहाटची."

"अवो मावशी, कायले?"

"अन् हे वरून." तिने मेथीवर सांबार ठेवला, आणि सांबारावर दोन पुड्या. "तुमची बी कंबर धरून राह्यली. रातच्यानं दुधातून घ्याजा. मी दोन वर्षांपासून घेतो. आठ दिवसात फरक."

डॉक्टरीणबाईंनी पुडी उघडली. वास घेतला. मग पहिल्यांदाच भाजीवालीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्या गोल, तांबूस, चकाकत्या गालांकडे. हात हातात घेऊन दंडावरचे निळे-जांभळे डाग पाहिले.

"हे कधी लागलं?"

"लागत नाई वो काही. टोपली घासली की उमटते."

"मावशी, मी विचारलं होतं, दुसरं काही घेता का."

"हे कुठी औषध हाय? चूर्न हाय!"

डॉक्टरीणबाईंनी एप्रन उतरवला, स्टूल ओढलं आणि पंचफुलाबाईच्या समोर बसल्या. "आज सुई नाई," त्या म्हणाल्या.

पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. तपासल्याशिवाय पुडीत काय आहे हे शपथेवर सांगता येत नाही. पण अशा पुड्यांत पुष्कळदा तेच असतं जे त्या सुईतून देणार होत्या. स्टेरॉईड. फरक एवढाच, की सुईतलं मोजलेलं, एका जागी, कधीमधी. पुडीतलं न मोजता, रोज, सगळ्या अंगात. गाल वर आले ते सुनेच्या हातच्या जेवणाने नाही. साखर उतरत नव्हती, कातडी पातळ झाली, तीही त्यानेच असावी.

"मंग आजपासून बंद," पंचफुलाबाईने पुड्या मुठीत चुरगाळल्या.

"एकदम बंद करू नका! तेच तर सांगून राह्यली. आपलं अंग स्वतः रोज थोडं असं औषध बनवते. बाहेरून आयतं मिळालं की ते बनवणं सोडते. एका दिवसात तोडलं तर चक्कर येईन, उलट्या होईन, बीपी पडन, जिवावर बी येऊ शकते. सकाळच्या रक्ताची एक तपासणी आहे, ती करू. आमचे फिजिशियन मोजून गोळी देतीन, अन् ती हळूहळू उतरवू. सात-आठ आठवडे लागतीन. मंग सुई."

सात-आठ आठवडे! पंचफुलाबाईने बोटांवर मोजलं. दिवाळी त्याच्या आत येत होती. तिला एकदम ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला.

"अन् हे मी सांगतलंच नसतं तं?" तिने विचारलं.

"तर मी आज वरून अजून एक डोस दिला असता. साखर कुठी गेली असती, सांगता येत नाई. जंतूचा धोका वाढला असता. तुमी सांबार देल्ला म्हणून वाचलो, मावशी. दोघी बी."

रक्ताचा रिपोर्ट आला. अंगाचं स्वतःचं काम खरंच झोपी गेलं होतं.

मदनसिंगला हे कळल्यावर त्याने दुसरीच बातमी आणली. लांबच्या एका गावी म्हणे एक जण लगेच टोचून देतो. ना साखर पाहणं, ना एक्स-रे, ना सह्या. "सकाळी जाय, संध्याकाळी वाडीत. तो म्हनते, काई होत नाई."

हे ऐकून पंचफुलाबाई तासभर गप्प बसली. एवढी गप्प, की कंडक्टरने थांबून तब्येत विचारली. दिवाळी डोळ्यांसमोर होती. एक एस.टी. पकडायची, एक सुई, आणि वाडी वाचली. पण तिच्या समोर टमाटे मांडले होते, आणि त्या टमाट्यांनीच तिचा निकाल लावला. चाळीस वर्षं ती एक गोष्ट करत आली होती: किडका टमाटा असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी आपणच बोट लावून दाखवायचा. "हा घेऊ नका, हा घ्या." म्हणून गिऱ्हाईक फिरून येतं. जो म्हणतो सगळे टमाटे चांगले, तो खालचे दाखवत नाही. पुडीवाला म्हणाला होता, काई होत नाई. हा लांबचाही म्हणतो, काई होत नाई. डॉक्टरीणबाईने मात्र न विचारता एकेक किडका टमाटा काढून हातावर ठेवला होता.

"मदन," ती म्हणाली, "मी थांबतो. अन् तू बी उद्या साधनासंगं वाशिमले जाय. तुह्या गुडघ्याची पुडी दाखव."

"मले काय झालं?"

"आरशात पाह्य. थोबाड पाह्य कसं भोपळ्यावानी झालं. मी समजत होती कांद्याचा नफा चढला."

मग तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते काम केलं. वरून दिलेली वस्तू परत मागितली. कोणाकोणाला पुडी दिली होती ते आठवून आठवून ती लंगडत गेली: देवळामागची शिंपीण, दोन कंडक्टर, एक निवृत्त गुरुजी. प्रत्येकाला सांगायची, "माह्यानं चुकी झाली. पुडी वापस द्या. पन रोज घेत असान तं एकदम सोडू नका, आधी डाक्टरले दाखवा." गुरुजी म्हणाले, "मी तर घेतलीच नाही. तुम्ही प्रेमानं दिली म्हणून डब्यात ठेवली." एकूण अकरा पुड्या परत आल्या. त्या साधनाने सरकारी दवाखान्यात दिल्या आणि पुडीवाल्याची बसायची जागा लेखी कळवली. पुढच्या बाजारात पुडीवाल्याच्या जागी जोड्यांचं दुकान होतं.

पुडीच्या जागी आलेली गोळी कमी होत गेली तसं पायाचं दुखणं वाढत गेलं. गुडघेही जागे झाले. दिवाळीच्या दिवसांत तर अंघोळीचं पाणी साधनाच द्यायची. भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी गणेशने ट्रॅक्टर आणला. मान खाली घालून म्हणाला, "माय, बोलनं झालं होतं."

"झालं होतं," पंचफुलाबाई ओसरीवरून म्हणाली. "घाल. पन विहिरीजवळचा पाइप तोडजो नको."

वाडी नांगरली गेली. चाळीस वर्षांचे वाफे दीड तासात सपाट. हरभरा पेरला. त्या दिवशी रामधनने मोटर चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. पाणी फिरवायला वाफेच नव्हते.

सुईचा दिवस त्यानंतर नवव्या दिवशी आला. पोटाखाली उशी घेऊन पंचफुलाबाई पालथी झोपली. पाठीवरून एक वाकलेलं यंत्र आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी जागा बधिर करते. मुंगी चावल्यावानी होईन. मंग पायात दाब येईन. करंट आला तर हलू नका, तोंडानं सांगा."

तोंडानं सांगा म्हटल्यावर काय विचारता! पंचफुलाबाईने जऊळक्याची गोष्ट सुरू केली. वांगी विकली, गाडी सुटली, पदर खोवला...

"मावशी, पाय हलवू नका."

"मी फलाटावर पळून राह्यली ना वो!"

"गाडी जरा थांबवून ठेवा. दोन मिनटं."

गाडी थांबली. पायात जड पाणी उतरावं तसा दाब आला, पोटरीपर्यंत गेला आणि विरला. पडद्यावर औषध नसेच्या कडेने पसरताना साधनाने काचेतून पाहिलं. पाव तासात सगळं आटोपलं. मग दोन तास खाटेवर. पाय लाकडासारखा झाला, तेव्हा पंचफुलाबाईला क्षणभर मदनसिंगच्या साळ्याचं गाव आठवलं. तिने अंगठा हलवून पाहिला. हलला. तिने दुसऱ्यांदाही हलवला, नुसता मजेसाठी.

साधनाकडे कागद होता. ताप आला, पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा नकळत झाली, बसल्यावर डोकं फुटायला लागलं, तर वेळ न घालवता फोन. यातलं काही झालं नाही. साखर तेवढी सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी तीनशेवर गेली; साधनाने फोन केला, गोळी बदलली, आठवड्याने साखर खाली आली. पाय मात्र दुखतच होता. चार दिवस, पाच दिवस. गणेश येता-जाता मायच्या तोंडाकडे बघायचा.

दहाव्या सकाळी चहा गाळताना गाळणी हातातून पडली. पंचफुलाबाईने ती उचलली, झटकली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की ती चुलीपुढे उकिडवी बसली आहे. कळ कुठे गेली? होती, पण लांब होती. शेजारच्या गल्लीतून कोणी हाक मारावी एवढीच. ती तशीच बसून राहिली. उठायची तिची छातीच होईना.

दारात रामधन उभा होता. त्याने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि महिन्याभराचं बोलणं एका शब्दात बोलून टाकलं.

"बसली!"

व्यायाम तिने तरीही सोडला नाही. सकाळ-संध्याकाळ पालथं पडून छाती उचलायची, पाय उचलायचे. टोपली डोक्यावर घ्यायची नाही, रामधनने सायकलवर न्यायची. बसलं तरी अर्ध्या तासाने उठायचं. त्यासाठी साधनाने तिच्या मोबाईलमध्ये कोंबड्याचा आवाज लावून दिला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हे बरं वाटणं म्हणजे रोग गेला असं नाही. कंबर तयार करायला मिळालेली मुदत आहे.

डिसेंबर लागला. हरभरा वीतभर झाला, कोवळा, आंबट, दहिवरात चमकणारा. एका सकाळी गणेश विहिरीवर आला, तर पिकाच्या मधोमध माय बसलेली. सरकत नव्हती. चांगली उकिडवी बसून दोन्ही हातांनी शेंडे खुडत होती, आणि कडेला हरभऱ्याच्या भाजीच्या जुड्यांची रांग लागली होती.

"माय! माहा हरभरा!"

"हरभरा तुहाच हाय. शेंडे माहे. शेंडे खुडले तं फुटवे जास्ती येतात, तुले कोन शिकवलं नाई?"

"तू... बसली कवापासून?"

"तुले काय वाटलं, उभ्यानं खुडून राह्यली?"

तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीतून कोंबडा आरवला. पंचफुलाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली, कोणाचा आधार न घेता, कंबर सरळ केली आणि दहा पावलं चालून आली.

"दिवाळी गेली ना पन," गणेश अगदीच काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"गेली. अन् मी हरली बी. मी कुठी वाडी मागून राह्यली?" ती परत शेंड्यांत जाऊन बसली. "शिरपूरच्या बायकाइले महिनाभर भाजी नाई भेटली. तेवढी भाजी होईपावतर खुडतो. मंग तू जान अन् तुहा हरभरा."

गणेश बांधावरून घरी गेला. जेवताना बापाशी काहीतरी हळू बोलला. बाप "हाव" म्हणाला. दुपारी पंचफुलाबाई शिरपूरहून परतली, तेव्हा विहिरीजवळच्या पाच ओळींतला हरभरा उपटून गुरांपुढे टाकलेला होता आणि गणेश घामाघूम होऊन वाफे बांधत होता. वाफे पूर्वीपेक्षा हातभर उंच होते, कडेला बसायला लाकडाची फळी ठेवलेली.

"एवढीच जागा भेटन," तो फावडं न थांबवता म्हणाला. "बाकी हरभरा निंघाल्यावर पाहू. अन् टोपली उचलली तं वाफे मोडून टाकीन."

"वाफा वाकडा झाला तुहा," पंचफुलाबाई म्हणाली. तिने पिशवीतून धने काढले, चपलेने फोडले, आणि पहिल्या वाफ्यात सगळ्यांच्या आधी सांबार पेरला. सांबारच नसला तर वरून द्यायचं काय?